फोनवर सांगता आलं नाही म्हणून

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा आईने विचारलं, "आवाज असा का येतोय गं तुझा?" आणि मी नेटवर्कवर ढकललं. नेटवर्क चांगलं होतं. फोनवर मला थापा मारता येतात, लिहायला बसलं की जमत नाही, म्हणून हे पत्र.

गेले सोळा दिवस मी रजेवर आहे. घाबरू नका. नोकरी आहे, कुणाशी भांडले नाही, कुठे पडले-झडले नाही. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, रिपोर्ट नॉर्मल आले. खरं सांगू का, ते नॉर्मल आल्यावर मला वाईट वाटलं. काहीतरी सापडलं असतं तर तुम्हाला सांगायला सोपं गेलं असतं.

झालं ते इतकं साधं आहे की लिहितानाही विचित्र वाटतंय. एका सकाळी टीममधल्या एका मुलाचा मेसेज आला. वडील आयसीयूत आहेत, आठवडाभर येता येणार नाही. माझ्या मनात पहिला विचार आला की शुक्रवारचं प्रेझेंटेशन आता कोण करणार. दुसराही तोच. ‘काळजी घे’ असं टाइप करून मी पुढचा मेसेज उघडला. दुपारी जेवताना तो मेसेज पुन्हा वाचला, मुद्दाम सावकाश वाचला, तरी आत काही हललं नाही. आई, हा तोच मुलगा, ज्याला मी तीन वर्षांपूर्वी रात्री दोन तास फोनवर बोलून राजीनामा देण्यापासून थांबवलं होतं. त्या दुपारी मला पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली.

मग समुपदेशकाकडे गेले. गंमत बघा, आमच्या ऑफिसात ही सोय चार वर्षांपासून आहे. तिचं पोस्टर मीच लावून घेतलं होतं, टीममधल्या चौघांना नंबरही मीच दिला होता. स्वतः तिथे जावं असं कधी डोक्यातच आलं नाही. आणि आलं असतं तरी गेले नसते. मॅनेजर तिथे जाताना दिसली की पुढच्या बढतीच्या वेळी कुणीतरी हळूच म्हणणार, हिला झेपेल ना?

बाबा, तुम्ही आता विचाराल, "पण नक्की आजार काय?" मीही तेच विचारलं. याला बर्नआउट म्हणतात आणि जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार म्हणतच नाही. 2019 मध्ये त्यांनी आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती मंजूर केली, तीत त्याची नोंद कामाशी जोडलेली अवस्था अशी आहे. कामाच्या जागी सतत राहिलेला आणि नीट न हाताळलेला ताण, असं त्याचं कारण दिलंय. खुणा तीन : अंगातलं त्राण संपणं, कामाबद्दल मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. पहिली खूण मला दीड वर्ष दिसत होती, तिला मी झोप कमी पडतेय असं म्हणत होते. दुसरी त्या मेसेजने दाखवली. समुपदेशक बाईंनी मला सांगितलं की 1974 मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर लिहिलं, ते एका मोफत दवाखान्यात मनापासून राबणाऱ्या स्वयंसेवकांना बघून. कामचुकारांना हे होत नाही एवढाच त्यातून मी माझ्यासाठी दिलासा काढला.

"पगार जास्त तर ताप जास्त" हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. पण ताप कामाच्या ढिगाचा असता तर मी उपसला असता. वरून टार्गेट येतं, ते मी ठरवलेलं नसतं. खालून पगारवाढ मागतात, ती माझ्या हातात नसते. गेल्या वर्षी दोन नावं माझ्यापुढे आली, यांना कमी करायचंय म्हणून. निर्णय माझा नव्हता, पण समोर बसून सांगायचं मी, आणि ‘आपण’ म्हणून सांगायचं. कामाच्या ताणाचा अभ्यास करणारे रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्येच मांडलंय की मागणी खूप आणि हातात निर्णय कमी, ही जोडी माणसाला सगळ्यात जास्त पोखरते. मधल्या फळीतल्या मॅनेजरचं हे वर्णनच आहे. त्यातून वरच्यांपुढे रडायचं नाही आणि टीमपुढे तर नाहीच.

आणि "जास्त काम करून कुणी मरत नाही" हेही आता म्हणू नका, प्लीज. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2021 मध्ये आकडे दिले. आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा 55 किंवा त्याहून जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 टक्के जास्त, हृदयविकाराने मरण्याचा 17 टक्के जास्त. मी माझे तास मोजले. आकडा आईला सांगणार नाही.

ऑफिसने आधी मला ध्यानाचं एक अ‍ॅप दिलं. पंधरा दिवस रोज सकाळी डोळे मिटून बसले, डोळे उघडले की तेवढेच ईमेल. माझं मत आता पक्कं झालंय : श्वास कसा घ्यायचा ते जरूर शिकवा, पण आधी छातीवरचं ओझं उचला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या मार्गदर्शनातही कामाची पद्धत बदला असं म्हटलंय, आणि मॅनेजरना टीममधल्यांचा ताण ओळखायचं प्रशिक्षण द्या असंही. ते प्रशिक्षण मी घेतलंय, सर्टिफिकेट आहे माझ्याकडे! मॅनेजरचा ताण कुणी ओळखायचा, हे मात्र आमच्याकडे कुणाच्याच कामात लिहिलेलं नाही.

म्हणून मी साहेबांकडे तीन गोष्टी मागितल्या. दोनपैकी एक टीम काढून घ्या. मॅनेजरांसाठी बाहेरचा समुपदेशक ठेवा, ज्याची नोंद ऑफिसात कुणाला दिसणार नाही. आणि कुणाला कमी करायचं असेल तर सांगताना निर्णय घेणारा माणूस माझ्या शेजारी बसू दे. पहिली मान्य झाली. दुसरीवर विचार चालू आहे. तिसरीवर साहेब नुसते हसले.

त्या मुलाला फोन केला. वडील घरी आलेत. मी माफी मागितली, त्याला कशाबद्दल ते कळलंच नाही. "मॅडम, तुम्ही लगेच रिप्लाय दिला होता की," म्हणाला.

एक विचारायचंय, बाबा. तुम्हाला साहेब केलं त्या वर्षी तुम्ही घरी येऊन पलंगावर बसायचात, एक बूट काढलेला, दुसरा पायातच. आई आम्हाला खूण करायची, आत जा, बाबा दमलेत. कधीकधी अर्धा तास तो बूट तसाच असायचा. गेल्या महिन्यात मी तशी बसले होते, तेव्हा आठवलं. तेव्हा काय चाललेलं असायचं तुमच्या मनात? कुणाला सांगितलं होतंत का?

रविवारी फोन करते. आई, फोन बाबांकडे दे, आणि त्यांच्या वतीने उत्तर देऊ नकोस.

तुमची,
ताई