कोश घरात असताना

पुणे, बुधवार

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
सप्रेम जय ख्रिस्त.

गेल्या महिन्यात तुम्ही दोघे आमच्याकडे आलात, तेव्हा पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी, ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर घ्यायला, बाबा जागेवरून उठले नाहीत. घरी परतताना रिक्षात मी त्यांच्याशी ज्या सुरात बोललो, त्याची क्षमा फोनवर मागून भागणार नाही असे वाटले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. बाबा, तुम्ही एवढेच म्हणाला होतात की, चहाचा कागदी पेला बाकाखाली सरकवून त्याच हाताने भाकर घेणाऱ्यांच्या रांगेत मला उभे राहवेना. त्यावर मी तुम्हाला ‘सोवळेकरी’ म्हटले. आपल्या घरात हा शब्द शिवीसारखा आहे हे मला ठाऊक होते, आणि ठाऊक असूनच तो मी वापरला.

तो शिवीसारखा झाला आजोबांमुळे. गावच्या देवळाच्या पायऱ्यांपाशीही ज्यांना उभे राहता येत नव्हते, त्यांच्या पोटी तुम्ही जन्मलात. पंढरपूरच्या विठोबाचे दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली उपोषण केले, तोवर आजोबांच्या बाप्तिस्म्याला बरीच वर्षे लोटली होती. त्यामुळे ‘पवित्र’ हा शब्द कानी पडला की मला आधी ‘लांब उभा राहा’ असेच ऐकू येते. यरुशलेमेच्या मंदिरातही असा एक कठडा होता. परराष्ट्रीयाने त्याच्या आत पाऊल टाकले, तर ओढवणाऱ्या मरणाला तो स्वतःच जबाबदार राहील, अशी ताकीद ग्रीक भाषेत कोरलेला दगड १८७१ साली सापडला आणि आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. ख्रिस्ताने ‘मधली आडभिंत’ पाडली असे पौलाने इफिसकरांस लिहिताना म्हटले, ते याच कठड्याला उद्देशून असावे असे पुष्कळ अभ्यासक मानतात, आणि मला ते मनापासून पटते. ख्रिस्ताने वधस्तंभावर प्राण सोडला तेव्हा मंदिरातला पडदाही वरपासून खालपर्यंत फाटला. मग आता कसली मर्यादा, असे मी वर्षानुवर्षे धरून चाललो होतो.

त्या रविवारनंतर मी पवित्र शास्त्रातला दुसऱ्या शमुवेलाचा सहावा अध्याय पुन्हा वाचला; कराराचा कोश, देवाच्या आज्ञांच्या पाट्या असलेली ती पवित्र पेटी, दावीद राजा गाडीवरून यरुशलेमेस आणत होता तो. लहानपणी तुम्ही रविवारच्या शाळेत उज्जाची गोष्ट सांगायचात, तेव्हा मला देवाचा राग यायचा. बैल अडखळले, कोश पडू नये म्हणून बिचाऱ्याने हात पुढे केला आणि तो जागीच मेला, हा कुठला न्याय? (दावीदालाही राग आला होता, हे तुम्ही मात्र कधी सांगितले नाहीत.) या वेळी वाचताना दोन गोष्टींनी मला थांबवले. कोशाला कड्या आणि दांडे होते, ते दांडे काढायचे नव्हते आणि देवाच्या सेवेला नेमलेल्या लेवी वंशातल्या कहाथाच्या घराण्याने तो खांद्यावरच वाहायचा होता. नव्या गाडीवर तो ठेवण्याची रीत इस्राएलाच्या शत्रूंची, पलिष्ट्यांची, होती आणि सोयीची म्हणून ती उचलली गेली. दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. कोश उज्जाच्या बापाच्या, अबीनादाबाच्या, घरात होता. वीस वर्षांचा तर उल्लेखच आहे, प्रत्यक्षात काळ त्याहून मोठा असावा. म्हणजे उज्जा कोशाच्या सहवासात वावरलेला होता. रोज येता-जाता दिसणाऱ्या वस्तूचे भय कोणाला वाटते? ती घरातल्या कणगीसारखी, पेटीसारखी होऊन जाते.

त्यानंतर कोश तीन महिने राहिला तो ओबेद-अदोम गित्तीच्या घरी, आणि त्याच्या घराला आशीर्वाद मिळाला. हा मनुष्य पलिष्ट्यांच्या गथ नगरातला होता की लेवी होता, यावर वाद आहे; मी त्याला परकाच समजतो, कारण तसे समजल्यावर मला आजोबा दिसतात. घरचा मेला आणि बाहेरच्याचे घर भरले. देवाने न सांगितलेला अग्नी त्याच्यापुढे नेऊन जागीच मेलेले नादाब व अबीहू हेही कोणी बाहेरचे नव्हते, अहरोनाचे पुत्र होते, अभिषेक झालेले याजक होते. करिंथ येथे प्रभूचे भोजन अयोग्य प्रकारे घेणारे लोकही मंडळीतलेच होते. तिथे एक उपाशी राही आणि दुसरा पिऊन तर्र होई, आणि ज्यांच्यापाशी काही नाही त्यांना ते लाजवीत, हा पौलाचा मुख्य आक्षेप होता. देवाने आखलेली मर्यादा दारात उभ्या असलेल्याला अडवण्यासाठी नाही, ती आतल्यांच्या हाताला आहे. सोवळे नेमके याच्या उलट चालते, आणि माझी गल्लत तिथेच झाली होती.

यावरून आठवले. पूर्वी एका मंडळीत असताना वर्गणीचा हिशेब मागितला, तर ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ हे वचन तोंडावर फेकले गेले होते. नादाब-अबीहूंचा अध्याय त्याच पवित्र शास्त्रात आहे, हे तेव्हा सुचायला हवे होते. असो.

बाबा, आता जे लिहितो ते कठीण आहे. तो चहा आम्हीच ठेवला होता. उपासनेला नवीन माणसे यावीत, त्यांना अवघडल्यासारखे वाटू नये, म्हणून पंचांच्या बैठकीत मीच ते सुचवले होते, आणि त्यामागचा हेतू मला आजही चुकीचा वाटत नाही. पेला घेऊन बसलेली ती मुलगी पहिल्यांदाच आली होती. तिचा दोष मी मानत नाही, तुम्हीही मानू नये अशी विनंती आहे. परंतु त्याच वेळी, पाळक भाकर मोडीत असताना, मी मागच्या बाजूला पडद्यावरची अक्षरे नीट दिसत नाहीत म्हणून मोबाईलवर संदेश पाठवीत उभा होतो. पेले किती, भाकर किती, रांग किती वेळात संपेल, हीच गेल्या सहा वर्षांतली माझी प्रभुभोजनाची तयारी. ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ ही प्रभूच्या प्रार्थनेतली पहिली मागणी आहे, आणि ती मी बहुतेक वेळा माईक चालू आहे की नाही ते पाहत म्हटलेली आहे.

आई, तुझी शनिवारची रात्र मला आठवते. मेजावरचे पांढरे कापड तू इस्त्री करायचीस आणि तेवढा वेळ घरात कोणाशी बोलायची नाहीस. कोणी तसे सांगितले होते का, हे मी तुला कधी विचारलेच नाही. आणि उपासना संपल्यावर बाबा व पाळकसाहेब उरलेली भाकर उभ्यानेच, शांतपणे खाऊन संपवायचे. आम्ही मुले दाराशी चपला शोधत ताटकळायचो. आमच्याकडे उरलेली भाकर कागदी पेल्यांबरोबर पिशवीत जाते. मी ते पाहिले आहे.

गेल्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडल्या. चहा उपासनेनंतर अंगणात द्यावा, हे सहज मान्य झाले. येणाऱ्यांना थांबून बोलताही येईल. उरलेल्या भाकरीबद्दल मात्र वाद झाला, एकाने ‘हे कॅथलिकांचे’ असेही म्हटले, आणि शेवटी पाळकांनी ते काम माझ्यावर सोपवले. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी तुम्ही दोघे यावे. आई, येताना जुने कापड सापडले तर आण. आमचे मेज सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद आहे. कमी पडले तर इथे जोड देता येईल.

बाबांच्या गुडघ्याला प्रवास झेपणार नसेल तर तसे कळवा, मी शनिवारी न्यायला येईन.

तुमचा,
धाकटा