मोरपंखी चिलखताची चकाकी

संपादक महोदय, स. न. वि. वि.

पटावरच्या युद्धखेळातील छोट्या सैनिक-पुतळ्यांच्या रंगकामावरचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. चिलखताला मोरपंखी झळाळी आणण्यासाठी चंदेरी रंगातच निळा-हिरवा रंग कालवावा, ही त्यातील सूचना मात्र पटली नाही. कारण अपारदर्शक रंगकण चंदेरी चमकीला झाकून टाकतात आणि चिलखत धातूचे न वाटता मळकट दिसते. त्याऐवजी काळ्या अस्तरावर (रंगाखालच्या पहिल्या थरावर) आधी निव्वळ चंदेरी रंग द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावर पारदर्शक निळी-हिरवी शाई पातळ करून दोन-तीन हातांत चढवावी, म्हणजे प्रकाश शाईतून आत जाऊन खालच्या चमकीवरून रंगीत होऊन परततो. २८ मिलिमीटर मापाच्या सैनिकाच्या खांद्यावर शाईचा थेंब साचला, तर वाळल्यावर त्याची गडद कड उमटते. तो ओला असतानाच कोरड्या कुंचल्याने टिपून घ्यावा. शेवटी कडांवर चंदेरी रंगाची केसाएवढी रेघ पुरते. धातुरंगाचा कुंचला धुण्याचे पाणी वेगळे ठेवावे, नाहीतर चमकीचे कण झग्यावर आणि चेहऱ्यावरही जाऊन बसतात (माझ्या एका सेनापतीचे नाक अजून चकाकते). मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या, वार्निशने ही सारी झळाळी मंदावते, हेही लेखात यायला हवे होते.

आपला,
एक वाचक