सोप्यावर राहिलेली बाटली

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझी स्टीलची बाटली सोप्यावरच राहिली. तुला मडगावला गाडीत बसवून घरी आलो तेव्हा दिसली. आईने जिरे घालून उकळलेले पाणी अजून कोमट होते. आपले वाजले त्या गडबडीत ती राहिली की तू मुद्दाम ठेवलीस, ते मला विचारायचे नाही. फोनवर बोलायला गेलो तर पुन्हा तेच होईल, म्हणून लिहायला बसलो. दादा कागदाचा फोटो काढून पाठवील.

पाण्याबद्दल एक अक्षर लिहायचे नाही असे ठरवले आहे. कोचीबद्दल लिहितो.

सेंट फ्रान्सिस चर्च तू बघशीलच. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला, त्याला आधी तिथे पुरले आणि १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. पोर्तुगीजांची राजधानीसुद्धा आधी कोचीतच होती, १५३० मध्ये ती गोव्यात आली. हे सगळे तुला माहीत असणार. पण तिथून मट्टांचेरीला जा, तिरुमल देवस्वमात हात जोड आणि चेर्लयच्या गल्ल्यांतून सावकाश चाल. इकडे देवळे मोडली जाऊ लागली तेव्हा आपल्यातले काही जण नदी ओलांडून अंत्रुजेत, म्हणजे फोंड्याकडे आले. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. काही जण गलबतात बसून दक्षिणेला गेले, त्यांची नातवंडे-पतवंडे चेर्लयला आहेत. ओट्यावर कुणी म्हातारी भेटली तर आपल्या कोकणीत बोल. चारशे वर्षांहून जास्त काळ लोटला तरी भाषा टिकली आहे, ती कानांनी ऐकून ये. कुणी घरात बोलावले तर नाही म्हणू नकोस, पानावर बस. फक्त पाणी...

आलेच बघ.

गेल्या वर्षी तुझे डोळे पिवळे झालेले आधी मला दिसले, आईला नव्हे. तू खिडकीशी केस विंचरत होतीस, उजेड तोंडावर आला आणि माझ्या पोटात गोळा उठला. पुढचे तीन आठवडे पेज, उसाचा रस आणि माडीवरची ती खोली. "बाबा, तुम्ही मला अजून आजारीच समजता," असे तू परवा म्हणालीस. खरे आहे ते. मला दुसरे काही सुचत नाही.

तू सात वर्षांची असताना आपण जुन्या गोव्याला गेलो होतो, आठवते? सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्याखाली मान वर करून तू विचारलेस, "एवढ्या मोठ्या गावातली माणसे गेली कुठे?" मी सांगितले की पटकी आली, हिवताप आला, विहिरींत घाण झिरपली, माणसे मेली, उरली ती उठून गेली. व्हाइसरॉय १७५९ मध्ये पणजीकडे सरकला आणि १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली. त्यावर तू म्हणालीस, "मग त्यांनी पाणी उकळले का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या मनोऱ्यातली घंटा आता पणजीच्या चर्चमध्ये आहे असे कळल्यावर तू हट्टच धरलास. मग आपण पायऱ्यांवर बसून ती वाजायची वाट पाहिली. कदंबा बस चुकली, घरी यायला रात्र झाली आणि आजी बोलली ती मलाच. शहरे बघायचे वेड तुला तिथेच लागले असे मी धरून चालतो. म्हणजे आता तक्रार करायची तरी कुणाकडे?

तंजावरला बृहदीश्वराचे देऊळ राजराज चोळाचे, १०१० मधले. त्याच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याची हकिकत मराठीत कोरून घेतली आहे. त्यातली एक तरी ओळ मोठ्याने वाच आणि आवाज भरून पाठव. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागद आहेत. पणजोबांची पेटी अजून कुणी उघडलेली नाही, मोडी वाचणारे घरात कुणी उरले नाही. तू शिकलीस तर बरे होईल. मागे एकदा तसे म्हणालीही होतीस.

कोणत्याही गावात आधी सकाळचा बाजार बघ, देवळे-राजवाडे मागाहून. आजी तुला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पुरुमेंतासाठी, पावसाळ्याच्या बेगमीसाठी न्यायची तेव्हा काय सांगायची? आधी सगळा बाजार फिर, मग भाव विचार. जिथे हमाल आणि रिक्षावाले जेवतात तिथे जेव, तिथले अन्न ताजे असते. सकाळी पुट्टू आणि काळ्या चण्यांची कडला करी खा, पोटाला आधार होतो. मदुराईला जिगरठंडा पिऊ नकोस असे मी म्हणणार नाही, पण त्यात बर्फ घालत असतील तर नको. पावसाचे दिवस आहेत, नळालाही गढूळ येते. बाटली विकत घेतलीस तर झाकणाचे सील बघ. रात्री पोचणारी गाडी घेऊ नकोस. पैसे एकाच ठिकाणी ठेवू नकोस.

पुरे. उपदेश करायला बसलो नव्हतो, चुकले माझे. त्या दिवशी स्टेशनवर आवाज चढवला तेही चुकले. तू पाठ फिरवून डब्यात चढलीस तेव्हा शेजारच्या एका बाईने विचारले, "मुलगी एकटीच चालली?" मी म्हणालो, "हो, दीड महिना. कोची, तंजावर, मदुराई." तिला ते दोनदा सांगितले. माझ्या आयुष्यातली शहरे मोजली तर एका हाताची बोटे उरतात.

म्हापशाच्या आत्याला अजून काही कळवलेले नाही, ते आई बघेल. चवथीच्या आधी दोन दिवस तरी पोच. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला तू लागतेस, दादाचा हात पोचतो पण त्याची गाठ सुटते.

तंजावरला कुठे उतरणार तो पत्ता कळव. बाटली घासून, कापडात गुंडाळून ठेवली आहे. तुझी हरकत नसेल तर उद्याच्या कुरियरने लावून देतो.

तुझा,
बाबा