बुटकी म्हणून विकलेली रोपे उंच वाढल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन रोपविक्री विभाग

विषय: रुएलिया व पेंटास या फुलझाडांची रोपे वर्णनाप्रमाणे न मिळाल्याने रक्कम परत मिळणे आणि लेखी खुलासा मिळणेबाबत.

महोदय / महोदया,

जानेवारीअखेरीस आमच्या पुण्यातील सोसायटीसाठी आपल्या संकेतस्थळावरून 40 रुएलिया आणि 12 पेंटासची रोपे मागवली होती. पावती, वर्णनाचे स्क्रीनशॉट आणि आजचे फोटो सोबत जोडले आहेत. रुएलियाची जात 'केटी', उंची 8 ते 10 इंच, वाफ्याच्या कडेसाठी योग्य, असे आपण लिहिले होते. पेंटासबद्दल लिहिले होते की ही कुंडीत आटोपशीर राहणारी जात आहे, उंची फूटभर. आज मे महिन्यात रुएलिया माझ्या कमरेला लागते आहे आणि गच्चीवरची पेंटास वाऱ्याने कुंडीबाहेर आडवी पडते आहे.

आपल्या ग्राहक सेवेने दोन कारणे दिली: ऊन कमी पडले असेल किंवा खत जास्त झाले असेल. दोन्ही मला मान्य नाहीत. रुएलियाचा वाफा दक्षिणेकडे आहे, सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत त्यावर थेट ऊन असते. उन्हाअभावी लांबलेले झाड फिकट पडते, उजेडाकडे झुकते आणि फुलायला कुरकुरते. ही झाडे हिरवीगार आहेत, ताठ उभी आहेत आणि रोज फुलत आहेत. खत म्हणाल, तर लागवडीच्या वेळी घातलेले शेणखत सोडून काहीही दिलेले नाही. दहा इंची जात शेणखताने तीन फूट होत नाही.

जात वेगळी आहे हे झाडाकडे पाहूनच कळते. केटीची पाने जमिनीलगत झुपक्याने येतात, खोड जवळजवळ दिसतच नाही. आमच्याकडे आलेल्या झाडांना जांभळट, गाठीदार, उभी खोडे आहेत आणि पानांच्या एका जोडीपासून दुसरी जोडी तीन-चार इंच लांब आहे. ही साधी उंच रुएलिया आहे. रोप तळहाताएवढे असताना दोन्हींची पाने सारखीच अरुंद आणि लांबट दिसतात. त्यामुळे पार्सल उघडताना हा फरक कोणाच्याही लक्षात आला नसता.

म्हणूनच "तक्रार 7 दिवसांत करायला हवी होती" हे आपले उत्तर मला सर्वांत जास्त खटकले. रोप मोडलेले, सुकलेले, किडलेले आले तर सात दिवस पुरेसे आहेत. बुटकेपणा सात दिवसांत कसा दिसणार? तो एका हंगामात दिसतो, आणि आम्ही पैसे त्याच गुणासाठी मोजले होते. उंच रुएलिया तर कोणीही शेजारून फांदी मागून लावतो.

हा वाफा सोसायटीच्या मुख्य पायवाटेच्या दोन्ही बाजूंना आहे. हिवाळ्यातले फ्लॉक्स, पिटुनिया, डायन्थस मार्चमध्ये आटोपतात आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा वाफे मातकट होऊन जातात. दरवर्षी नवी रोपे आणण्यापेक्षा ऐन उन्हाळ्यात फुलणारी, वर्षानुवर्षे टिकणारी आणि पायवाटेवर न येणारी झाडे लावू, असे सभासदांना मी समजावले आणि वर्गणीतून ही खरेदी झाली. संध्याकाळी इथे काठी टेकत फिरणारे आजी-आजोबा आहेत. आता झुकलेल्या खोडांनी निम्मी वाट अडवली आहे. छाटून पाहिली, पण छाटणीनंतर ती तितक्याच जोमाने वर येतात.

त्याहून मोठी काळजी पावसाची आहे. रुएलियाच्या तपकिरी, वाळलेल्या शेंगेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकते आणि बी दूर उडते. मी शेंगा गोळा करते आहे, तरी जूनच्या पहिल्या सरीत उरलेल्या फुटतील आणि लॉनमध्ये, फरशीच्या सांध्यांत रोपे उगवतील. शिवाय जमिनीखाली पसरलेल्या कंदासारख्या खोडाचा तुकडा राहिला तरी तो पुन्हा फुटतो. वाफा खणून काढण्याची मजुरी हा आपल्या चुकीमुळे आमच्यावर पडलेला खर्च आहे.

पेंटासची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे मला आपल्याकडून स्पष्ट उत्तर हवे आहे. एक खोड हातात धरून खालून वर पाहिले तर बुडाशी पेरे एकावर एक रचल्यासारखी दाट आहेत, तिथली पाने लहान, जाड, गडद. त्याच खोडावर थोडे वर एकदम लांब पेरे सुरू होतात आणि पानेही मोठी, मऊ होतात. बाराही कुंड्यांत हेच आहे. माझे माहेर रत्नागिरीकडचे. हापूसच्या बागेत जुलै-ऑगस्टमध्ये कल्टार घालतात, म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. त्याने झाडाची वाढ आखडते. नर्सरीत कुंडीतली फुलझाडे ठेंगणी ठेवायलाही अशी वाढरोधके वापरतात. त्यांचा असर ओसरला की झाड मूळ उंचीकडे जाते. ही रोपे अशीच आखडून ठेवलेली होती का? असतील तर "आटोपशीर राहणारी जात" हे वर्णन खोटे ठरते. शिवाय हे औषध मातीत बराच काळ टिकते, आणि गच्चीवर आम्ही एका कुंडीची माती दुसरीत घालून मेथी-कोथिंबीर लावतो. आम्हाला हे सांगितले जायला हवे होते.

माझे म्हणणे इतकेच: 52 रोपांची पूर्ण रक्कम आणि वाफा मोकळा करण्याची मजुरी मिळावी. बदली रोपे नकोत, कारण तुमच्याकडची कोणती जात खरी आहे हे मला आता ठरवता येत नाही. पेंटासवर कोणते वाढरोधक, केव्हा वापरले, हे लेखी कळवावे. आणि बुटकी म्हणून विकल्या जाणाऱ्या रोपांसाठी तक्रारीची मुदत निदान एक हंगाम करावी.

ई-कॉमर्ससाठीच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार या पत्राची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात मिळायला हवे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवून पुढे ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा आयोगाकडे जाईन. सोसायटीच्या कार्यकारिणीने तसा ठराव केला आहे. आपल्या माणसाला झाडे प्रत्यक्ष पाहायची असतील तर पाऊस सुरू होण्याआधी पाठवावे, त्यानंतर वाफा खणलेला असेल.

आपली ग्राहक,
बाग समिती सदस्य, पुणे

सोबत: पावती, वर्णनाचे स्क्रीनशॉट, मोजपट्टीसह फोटो.