निशीला पत्र : फी परवडत नाही म्हणून थांबू नकोस

लष्कर, ग्वाल्हेर

प्रिय निशी,

काल रात्री पावणेबाराला तुझा मेसेज वाचला आणि मग झोपच लागली नाही. व्हॉट्सॅपवर उत्तर द्यायला घेतलं तर टाइप कर, खोड, परत टाइप कर, यातच अर्धा तास गेला, म्हणून सरळ पत्रच लिहितेय. लांबलं तर लांबलं, पण पूर्ण वाच.

थेरपिस्टकडे दोनदा गेलीस, बाई चांगली होती, नीट ऐकून घेत होती, पण एका सेशनचे 1500 रुपये आणि तुझा पगार 22 हजार, त्यात खोलीचं भाडं, डबा, घरी पाठवायचे, म्हणून "आता नाही जाणार, बघू" असं लिहिलंस आणि खाली हसरा चेहरा टाकलास. तो हसरा चेहरा मला अजिबात आवडला नाही.

आणि सगळ्यात आधी हे. त्याच मेसेजमधे मधेच लिहिलंयस की कधीकधी वाटतं सकाळी जागच येऊ नये. हे नुसतं थकून लिहिलंस की खरंच मरायचे विचार येतात, ते मला सरळ सांग. विचारल्याने असले विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते, हे मला डॉक्टरांनीच सांगितलंय म्हणून न घाबरता विचारतेय. येत असतील तर बाकीचं पत्र नंतर वाच, आधी 14416 लाव, टेली मानस म्हणून सरकारची हेल्पलाइन आहे, चोवीस तास, फुकट. रूममेटला उठव, मला फोन कर, कितीही वाजलेले असू देत. आणि अगदीच आवरत नसेल तर तिला घेऊन रिक्षाने सरळ इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. छातीत दुखलं असतं तर गेलीच असतीस ना, तसंच.

आता माझं सांगते, जे तुला अर्धंच माहितीये. बाबा गेल्यावर मी सगळ्यांना "शाळेत फार काम आहे" सांगत होते, तुलाही तेच. खरं म्हणजे शाळेतून आले की पर्स टाकून तशीच आडवी व्हायचे, अंधार पडला तरी दिवा लावायला उठायचे नाही. दरवर्षी गणपतीची आरास मी करते, तुला माहितीये किती भांडून करते, त्या वर्षी आईने एकटीने कसंबसं मखर लावलं आणि मला काहीच वाटलं नाही. वाईट सुद्धा नाही. त्याचीच मला पहिल्यांदा भीती वाटली. मावशी म्हणाली गुरुवार धर. धरले. मग एका प्रायव्हेटवाल्यांकडे गेले, 1200 रुपये, तीन वेळा जाऊन बंद केलं आणि घरी सांगितलं की आता बरं वाटतंय. म्हणजे तू आत्ता जे करतेयस ते मी करून बसलेय.

सरकारी ठिकाणी जायचं डोक्यात का आलं नाही तर ते आपलं ग्वाल्हेर. इथे मनाचा डॉक्टर म्हटलं की लोकांना एकच आठवतं, आरोग्यशाळा, म्हणजे इथलं मनोरुग्णालय. 1935 पासूनची आहे ती, शिंद्यांच्या राज्यातली, आणि आपण शाळेत असताना कुणी जरा वेडंवाकडं वागलं की "आरोग्यशाळेत टाकू का" म्हणायचो, मी पण आणि तू पण. त्या वाक्याने माझे आठ महिने खाल्ले. आपल्या दौलतगंजातल्या कुणी पाहिलं तर, आईला कुणी विचारलं तर, हेच डोक्यात.

शेवटी एका सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत गेले, टेम्पोत तोंडाला ओढणी बांधून. दोन तासांनी नंबर लागला, डॉक्टरांनी पाच मिनिटांत प्रश्न विचारले, थायरॉइडची टेस्ट आणि गोळ्या लिहिल्या, झालं. मी रडायला आले होते आणि पर्ची घेऊन बाहेर पडले. इतका राग आला होता ना. तो राग मला नंतर कळला, कारण काय कुणाकडे मागायचं तेच मला माहीत नव्हतं. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसच्या पुढे शिकलेला डॉक्टर, तो निदान करतो आणि गोळ्या देतो, बाहेर साठ माणसं बसलेली असताना तो तुझ्याशी तासभर बोलूच शकत नाही. बोलण्याची थेरपी बहुतेक वेळा दुसऱ्या माणसाचं काम असतं, क्लिनिकल सायकोलॉजिस्टचं. आणि माणसंच कमी आहेत गं. निम्हान्सने, म्हणजे बंगळुरूच्या मानसिक आरोग्याच्या मोठ्या सरकारी संस्थेने, 2015-16 मधे देशभर सर्व्हे केला होता, त्यात केरळात लाखामागे 1.2 सायकिअ‍ॅट्रिस्ट निघाले आणि आपल्या मध्य प्रदेशात 0.05, म्हणजे वीस लाख माणसांमागे एक. हा आकडा वाचल्यावर त्या डॉक्टरांवरचा माझा राग गेला.

दुसऱ्या वेळी मी घरून वाक्य पाठ करून गेले होते, खरंच, आरशासमोर. "डॉक्टरसाहेब, गोळ्या घेतेय, पण मला बोलायची गरज आहे, इथे क्लिनिकल सायकोलॉजिस्ट असतील तर त्यांच्याकडे लिहून द्या." त्यांनी मान वर करून पाहिलं आणि त्याच पर्चीवर लिहून दिलं. इतकंच होतं ते! आठ महिने आणि 3600 रुपये घालवून मला हे एक वाक्य मिळालं, ते तुला फुकट देतेय.

मला मिळाली ती शिकाऊ मुलगी होती, माझ्याहून लहान. मी आधी नाक मुरडलं. पण ती दर बुधवारी चाळीस मिनिटं बसायची, घड्याळाकडे बघायची नाही, मागच्या आठवड्यातलं सगळं तिच्या लक्षात असायचं, आणि माझी केस तिला तिच्या सीनियरसमोर मांडावी लागायची म्हणजे माझ्यावर दोघींची नजर. तिने एक वही करायला लावली. मनात आलेला विचार जसाच्या तसा लिहायचा, मग तो खरा असल्याचे पुरावे एका बाजूला, नसल्याचे दुसऱ्या बाजूला. माझा विचार एकच होता, बाबांना मी दोन दिवस आधी नेलं असतं तर वाचले असते. तीन आठवडे त्याच एका वाक्यावर गेले. सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी म्हणतात याला, साधारण 12 ते 20 सेशन लागतात, जन्मभर जावं लागत नाही. गोळ्यांचं पण सांगते, दहाव्या दिवशी मी त्या फेकायला निघाले होते कारण काहीच फरक नव्हता, पण त्यांना चार ते सहा आठवडे लागतात आणि बरं वाटलं तरी आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात. मला बऱ्याचदा दवाखान्यातूनच मिळाल्या, संपल्या तेव्हा जनऔषधीतून स्वस्तात आणल्या.

एक गोष्ट मात्र मला कुणी सांगितली नव्हती. सुरुवातीला मी हिंदीत बोलत होते, आपण बाहेर सगळीकडे हिंदीच बोलतो, त्यात काय. पण हिंदीत माझं सगळं कसं शहाण्यासारखं यायचं, "पिताजी के जाने के बाद", जणू दुसऱ्या कुणाचं सांगतेय. एकदा तिने विचारलं, घर में उनको क्या बुलाती थीं? मी म्हटलं बाबा, आणि पुढचं एक अक्षर बोलता येईना. तिला मराठी येत नव्हतं तरी म्हणाली, रडायचं असेल, चिडायचं असेल तेव्हा तुमच्या भाषेत बोला, मी मधे मधे विचारून घेईन. मला वाटतं माझी थेरपी खरी त्या दिवशी सुरू झाली. म्हणून तुला सांगतेय, भाषा माग, मागायला लाजू नकोस. 14416 वर भाषा निवडता येते, वीस भाषा आहेत, त्यात मराठी आहे. आणि हो, तो नंबर फक्त जीवावर बेतल्यावर लावायचा असं नाही, झोप येत नाही, घाबरल्यासारखं होतं, तरी लावता येतो, आधी काउन्सेलर बोलतात, गरज वाटली तर पुढे डॉक्टरांना जोडतात. मुंबईच्या टिसची (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची) आयकॉल हेल्पलाइन पण आहे, 2012 पासून, फोनवर आणि ईमेलवर, फुकट. समोर जाऊन बसण्याची जागा फोन घेत नाही, पण दोन बुधवारांच्या मधले दिवस निभतात.

आता इंदूरचं. एमजीएम मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग आहे, बाणगंगेला मानसिक रुग्णालय आहे. ओपीडी कुठल्या बिल्डिंगमधे, किती वाजेपर्यंत पर्ची निघते, ते आधी फोनवर नाहीतर कुणाला पाठवून विचार, नाहीतर एक सुट्टी फुकट जाईल. बाणगंगा म्हटल्यावर इंदूरवाले काय म्हणतात ते मला माहितीये, आपली आरोग्यशाळा तशीच. मध्य प्रदेशात जिल्हा रुग्णालयांत मन कक्ष, म्हणजे मनाच्या त्रासासाठी वेगळी खोली असते, तेही विचार. आणि हे कुणाचे उपकार नाहीत, 2017 चा मानसिक आरोग्य कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे, सरकारी ठिकाणी परवडेल अशी सेवा मिळणं हा त्यात हक्क लिहिलाय, आणि तुझी माहिती गुप्त ठेवणं हाही. ऑफिसच्या एचआरला इतकंच विचार की कंपनीकडून काउन्सेलिंगचे सेशन मिळतात का, बऱ्याच कंपन्या देतात आणि कुणी सांगत नाही. मेडिक्लेमवर भिस्त ठेवू नकोस, ॲडमिट झालं तर उपयोगी, दर आठवड्याच्या बोलण्याचे पैसे बहुतेक पॉलिसीत मिळत नाहीत.

आणि त्याच बाईंना एक मेसेज टाक ना. "मला तुमच्याकडे बरं वाटलं, पण इतकी फी झेपत नाही, कमी होईल का, किंवा पंधरा दिवसांनी आले तर चालेल का." कितीतरी जण काही जागा कमी फीच्या ठेवतात, पण आपण न विचारता गायब होतो. दुसरं कुणी शोधलंस तर पाटीवर भुलू नकोस, क्लिनिकल सायकोलॉजिस्ट असेल तर आरसीआयचं (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं) रजिस्ट्रेशन असतं, नंबर विचार, चांगला माणूस रागावत नाही. आणि चार-पाच वेळा जाऊनही जमलं नाही तर माणूस बदल, थेरपी सोडू नकोस.

मी शुक्रवारी रात्री निघतेय, शनिवार-रविवार तुझ्याकडे, सोमवारची माझी सुट्टी टाकून झालीये, तू पण हाफ डे टाक, पर्चीच्या लायनीत मी उभी राहीन, तू बाकावर बस. आईने तुझ्यासाठी गजक घेऊन ठेवलीये. काकूंना मी काही बोललेले नाही, तू म्हणेपर्यंत बोलणारही नाही.

तुझीच,
मेधा

ता.क. वर जो सरळ प्रश्न विचारलाय त्याचं उत्तर आजच दे. एक शब्द लिहिलास तरी चालेल. बाकीचं शनिवारी.