एम पूर्वचा वाटा कोणत्या निकषावर?

महोदय,

मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटींचा होता. त्यातले गोवंडी-मानखुर्दच्या एम पूर्व विभागाला किती आले, हे शोधायचे तर खात्याखात्यांच्या पुस्तकांतून आकडे वेचत बसावे लागते. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा विभाग तळाला होता. २०११ च्या जनगणनेत इथली वस्ती आठ लाखांवर होती, आणि इथल्याच देवनारच्या कचराभूमीवर १९२७ पासून शहराचा कचरा टाकला जात आला आहे.

नगरसेवक निधी सगळ्यांना सारखाच मिळतो. प्रभागही लोकसंख्येवर, साधारण पंचावन्न हजारांचे आखलेले. मग तक्रार कसली, असे विचारतात. जिथे मलवाहिन्या आजोबांच्या काळापासून आहेत, तिथे या पैशांत बाकडी आणि सुशोभीकरण होते. आमच्याकडे तोच पैसा गटारावरच्या लाद्या बदलण्यात संपतो. पाण्याचे मापही आधीच ठरलेले: इमारतीत माणशी रोज १३५ लिटर, झोपडपट्टीत ४५.

शौचालयांचे घ्या. बांधायला निधी मिळतो, फीत कापली जाते, फलकावर नाव लागते. पण मलवाहिनी नसल्याने खाली टाकी असते. ती तुंबली की उपसणारी गाडी गल्लीत शिरत नाही, पाइपाला पाइप जोडत आत न्यावा लागतो. तोवर दाराला कुलूप. बायका पलीकडच्या गल्लीत रांग लावतात आणि महिन्याचा पास असूनही तिथे रोख पैसे मोजतात, कारण ते शौचालय दुसऱ्या संस्थेकडे. बांधकाम भांडवली खर्चात बसते. उपसणे कोणाच्या खर्चात, याचे उत्तर आम्हाला अजून मिळालेले नाही. झोपडपट्टीवाले कर भरत नाहीत, हा तर नेहमीचाच आक्षेप. २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या फ्लॅटलाही मालमत्ता कर माफ आहे. तिथे संडासाला जाताना कोणी सुटे पैसे शोधत नाही.

७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षे प्रशासकाचे राज्य होते. २०२३ पासून आमदार-खासदारांनी पालकमंत्र्यांमार्फत निधी मागायची पद्धत आली. सत्ताधाऱ्यांना मिळाला, विरोधकांना नाही, अशा बातम्या तेव्हा छापून आल्या होत्या. मानखुर्द-शिवाजीनगरचा आमदार २००९ पासून समाजवादी पक्षाचा आहे. मतदाराने मत कोणाला दिले यावर गटार साफ व्हायचे असेल, तर शहरांच्या स्थानिक संस्थांना अधिकार देणाऱ्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नेमके काय खाली आले?

सत्ता दिल्लीहून मंत्रालयात आणि तिथून महापालिका मुख्यालयापर्यंत पोहोचली असेल, पुढची वाट मात्र बंद आहे. प्रभाग समित्या कायद्यात आहेत, पण त्यांच्या हाती स्वतःचा पैसा असा फारसा नाही. आता नगरसेवक परत आले आहेत. त्यांनी पुढच्या अर्थसंकल्पाआधी विभागवार वाटपाचे सूत्र ठरवून जाहीर करावे: वस्तीची दाटी, सार्वजनिक शौचालयावर अवलंबून असलेली कुटुंबे आणि प्रत्यक्ष मिळणारे पाणी यांना त्यात वजन असावे. देखभालीचा पैसा बांधकामापासून वेगळा काढून थेट प्रभाग समितीकडे द्यावा. आणि सगळ्या विभागांचा जमाखर्च एका तक्त्यात, मराठीत, विभाग कार्यालयाच्या दारावर लावावा.

– एक वाचक, शिवाजीनगर, गोवंडी