कुटुंब नेमके कुठे गळते, ते मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बालदारिद्र्य हटवण्यासाठी स्थानिक प्रशासन, आरोग्यसेवा, शाळा आणि स्वयंसेवी संस्था एकत्र येऊन भागीदारी करतात. अशा भागीदारीचे मूल्यमापन बहुतेक वेळा दोनच प्रकारे होते. एक तर बैठका, शिबिरे आणि ‘लाभार्थी’ मोजून अहवाल जाड केला जातो. नाही तर त्या भागातला बालदारिद्र्याचा टक्का काढतात. तो उतरला तर उपक्रम यशस्वी, नाही तर फसला. पहिल्या प्रकारातून काहीच कळत नाही, हे सगळे जाणतात. दुसरा शास्त्रीय दिसतो, म्हणून जास्त फसवतो.

सापेक्ष दारिद्र्यरेषा बहुधा देशातल्या मध्यक उत्पन्नाच्या (सगळी घरे कमाईच्या क्रमाने लावली तर मधोमध येणाऱ्या घराच्या उत्पन्नाच्या) ६० टक्क्यांवर धरतात. मध्यकच घसरला की रेषाही खाली येते. ब्रिटनमध्ये मंदीनंतर, २०१०–११ मध्ये, हेच झाले. मधल्या कुटुंबांची कमाई घटली आणि सापेक्ष बालदारिद्र्य कागदावर कमी झाले. त्या वर्षी एखाद्या स्थानिक भागीदारीने आपल्या टक्क्याबद्दल पाठ थोपटून घेतली असती, तर तिला आकड्यांनी खोटे पाडले नसते.

स्कॉटलंडचे उदाहरण आणखी बोलके आहे, कारण तिथे हे काम कायद्याने बांधलेले आहे. २०१७ च्या बालदारिद्र्य कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक परिषद आणि तिथले आरोग्य मंडळ यांना दरवर्षी संयुक्त अहवाल द्यावा लागतो. २०३०–३१ पर्यंत सापेक्ष बालदारिद्र्य १० टक्क्यांखाली आणायचे आहे. २०२३–२४ चा मधला टप्पा १८ टक्क्यांखाली येण्याचा होता, प्रत्यक्षात आकडा २२ टक्के निघाला. आता यावरून कोणत्या परिषदेची भागीदारी चालली आणि कोणाची नाही, हे सांगता येईल का? येणार नाही. राष्ट्रीय आकडा घरोघरच्या नमुना पाहणीतून येतो आणि एका परिषदेच्या वाट्याला त्यातली घरे फार थोडी येतात. म्हणून स्थानिक अंदाज वेगळ्या सरकारी नोंदींवरून करतात. त्यात घरभाडे वजा केलेले नसते, त्यामुळे भाडी चढलेल्या भागात गरिबी कमी दिसते. शिवाय हे आकडे हातात येईपर्यंत वर्षभर तरी उलटलेले असते.

त्याच काळात तिथे सरकारने मुलामागे आठवड्याला थेट रक्कम देणे सुरू केले: फेब्रुवारी २०२१ पासून १० पौंड, एप्रिल २०२२ पासून २०, नोव्हेंबर २०२२ पासून २५, आणि तेव्हाच वयाची अट सहा वर्षांखालून सोळा वर्षांखाली नेली. हा बदल सगळ्या परिषदांमध्ये एकाच वेळी झाला. २०२० आणि २०२३ ची तुलना दाखवून ‘आमच्या भागीदारीमुळे फरक पडला’ म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या पावतीवर आपले नाव घालणे आहे.

मग मोजायचे काय? आमच्या मते भागीदारीची परीक्षा एकाच जागी होते. एका संस्थेने कुटुंब दुसरीकडे पाठवले, ते तिथे पोचले का? प्रत्येक संस्था आपापले काम एकटीनेही करतेच. ‘भागीदारी’ म्हणून जे वेगळे घडते, ते या दोघींच्या मधल्या जागेत. आणि नेमकी तीच जागा कोणाच्याच नोंदवहीत नसते.

ग्लासगो परिसरात २०१० मध्ये सुरू झालेल्या एका उपक्रमाची रचना यासाठी पाहण्यासारखी आहे. गरोदर महिला आणि लहान मुलांच्या घरी जाणाऱ्या परिचारिकांनी पैशांच्या अडचणीबद्दल विचारायचे आणि गरज असेल तर आर्थिक सल्लागाराकडे पाठवायचे. कल्पना सोपी आहे, पण साखळी लांब आहे. अशी साखळी कशी मोजायची, ते गृहीत आकड्यांनी दाखवतो. समजा, परिसरात १०० गरोदर महिलांची नोंद आहे. त्यांतल्या ७० जणींना परिचारिकेने पैशांबद्दल विचारले. ३५ जणींनी पुढे नाव द्यायला होकार दिला. ३० नावे सल्लागाराकडे पोचली. १८ जणींना फोन लागला, १४ भेटल्या, ११ जणींचे अर्ज गेले, ८ मंजूर झाले आणि पहिली रक्कम ७ जणींच्या खात्यात पडली. वार्षिक अहवालात मात्र छापून येते: ‘३० कुटुंबांना लाभ’.

वरच्या साखळीत पोचलेल्या ३० नावांवरून फोन लागलेल्या १८ वर आलेली गळती पाहा. तिचे कारण दारिद्र्यात शोधायची गरज नाही. अनोळखी नंबर कोणी उचलत नाही, विशेषतः ज्यांच्याकडे वसुलीवाल्यांचे फोन येतात ते. सल्लागार कार्यालयीन वेळेत फोन करतो, तेव्हा बाई कामावर असते. नाव पोचल्यापासून फोन होईपर्यंत दोन-तीन आठवडे जातात आणि तोवर नंबरच बदललेला असतो. उपाय तेवढेच साधे आहेत. परिचारिका घरात असतानाच तिच्या फोनवरून बाईची आणि सल्लागाराची ओळख करून द्यावी, आधी संदेश पाठवावा, दुसरा नंबर लिहून घ्यावा आणि दोन कामाच्या दिवसांत पहिला फोन झालाच पाहिजे असे ठरवावे. महिन्याला एक पान काढून प्रत्येक पायरीवरची संख्या लिहिली, तर अशी गळती तिमाहीच्या आत दिसते. टक्क्याची वाट पाहणाऱ्याला ती कधीच दिसत नाही.

पहिली पायरीही कमी महत्त्वाची नाही. उरलेल्या ३० जणींना विचारलेच नाही, ते का? परिचारिकेला वेळ नव्हता, विचारायला संकोच वाटला, किंवा ‘हो’ म्हटल्यावर पुढे काय करायचे ते तिला माहीत नव्हते. बहुतेकदा ज्या घरावर गरिबी दिसते तिथेच विचारले जाते, आणि कर्जावर उभा असलेला नीटनेटका संसार सुटतो. म्हणून सगळ्यांना विचारायचे, असा नियम हवा, आणि छेद नेहमी एकूण नोंदणीचा हवा, पाठवलेल्या नावांचा नको. छेद बदलला की यशाचे प्रमाण आपोआप फुगते, हा या क्षेत्रातला सगळ्यात जुना खेळ आहे.

पैशांच्या हिशेबातही अशाच खाचाखोचा असतात. मंजूर झालेली रक्कम म्हणजे जमा झालेली रक्कम नव्हे. एकदाच मिळणारी मदत आणि दर आठवड्याची वाढ एकाच बेरजेत घालू नये. दर आठवड्याची वाढ ५२ ने गुणून ‘वार्षिक लाभ’ लिहायचा असेल, तर ती वर्षभर टिकली का, हे बाराव्या महिन्यात पाहावे लागते. जुन्या थकबाकीची कपात त्यातूनच होत असेल तर तीही वजा करावी. एकाच कुटुंबाचा एकच लाभ शाळा, आरोग्य केंद्र आणि संस्था असे तिघेही आपापल्या अहवालात दाखवतात. हे टाळायला सर्वांना मिळून कुटुंबाचा एकच क्रमांक लागतो, आणि तो वापरायला माहिती देवाणघेवाणीचा करार लागतो. हा करार काम सुरू होण्याआधी झाला नाही, तर पहिल्या वर्षाची माहिती गेलीच म्हणून समजा. आणि छोट्या वस्तीचे तक्ते छापताना पाचपेक्षा कमी कुटुंबांचा रकाना झाकावा, नाही तर शेजाऱ्यांना घर ओळखू येते.

कुटुंबातल्या माणसांचे मानसिक स्वास्थ्य मोजायला वॉरिक–एडिनबरा मापिका पुष्कळ ठिकाणी वापरतात: १४ विधाने, एकूण गुण १४ ते ७०. मापिका चांगली आहे, वापर बऱ्याचदा वाईट असतो. मदत करणाऱ्या कार्यकर्त्यानेच समोर बसून प्रश्न विचारले की लोक त्याला वाईट वाटू नये असे उत्तर देतात. मध्येच सोडून गेलेल्यांचे दुसऱ्या फेरीचे गुण नसतातच, म्हणजे सरासरी टिकून राहिलेल्यांची निघते. आणि माणसे मदत मागायला येतात ती सगळ्यात वाईट आठवड्यात. सहा महिन्यांनी त्यांचे गुण काही न करताही थोडे वर येतात. तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर ही आपसूक सुधारणा उपक्रमाच्या खात्यावर जमा होते.

‘पण तुलनागट आणायचा कुठून? गरजू कुटुंबांना नाही कसे म्हणणार?’ हा आक्षेप नेहमीचा आणि प्रामाणिक आहे. मात्र सगळ्या वस्त्यांत एकदम काम सुरू करण्याइतके मनुष्यबळ कधीच नसते. कुठली वस्ती आधी आणि कुठली सहा महिन्यांनी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. कोणालाही नकार न देता तुलना मिळते. किशोरवयीन मुलांसाठीच्या स्थानिक आघाड्यांबाबत अमेरिकेत २००३ पासून सात राज्यांतली २४ छोटी शहरे अशीच यदृच्छेने दोन गटांत वाटून अभ्यास झाला. तेव्हा ‘अख्ख्या गावाची वाटणी होत नाही’ ही सबब चालणार नाही.

इंग्लंडमध्ये १९९९ मध्ये सुरू झालेल्या शुअर स्टार्टमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या कुटुंबांसाठीच्या सरकारी कार्यक्रमात, अशी वाटणी झाली नाही. शिवाय प्रत्येक भागाला आपला कार्यक्रम आपण ठरवायची मुभा होती. त्यामुळे मूल्यमापन करणाऱ्यांपुढे एक कार्यक्रम नव्हता, शेकडो होते. २००५ च्या पहिल्या निष्कर्षांत फारसा परिणाम दिसला नाही. उलट किशोरवयीन आया आणि बेरोजगार घरे अशा सर्वांत अडचणीतल्या गटांत काही बाबतींत उलटा परिणाम दिसला. २००८ मध्ये तीन वर्षांच्या मुलांच्या वागण्यात आणि घरातल्या वातावरणात सुधारणा नोंदली गेली. पुढे इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संशोधन संस्थेने सरकारी नोंदी जोडून पाहिल्या, तेव्हा पहिल्या पिढीच्या केंद्रांजवळ वाढलेल्या मुलांचे सोळाव्या वर्षीच्या परीक्षेतले गुण सुधारलेले दिसले. २००३ नंतर उघडलेल्या केंद्रांबाबत तसे आढळले नाही. रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण मुले एक वर्षाची असताना वाढले, मग किशोरवयापर्यंत घटले. एक वर्षाच्या वयातली वाढ एकटीच पाहिली असती, तर कार्यक्रमाने मुले आजारी पाडली असे वाटले असते. सेवा जवळ आली की आई-वडील मुलाला लवकर दाखवतात, हे त्याचे पटण्यासारखे कारण आहे. कोणता आकडा आधी चढेल आणि मग उतरेल, हे कामाआधी लिहून ठेवले नाही, तर नंतर प्रत्येक जण आपल्या सोयीचा अर्थ लावतो.

बैठकांबद्दल थोडक्यात. हजेरीपट मोजू नका. वर्षभराच्या इतिवृत्तांतून एवढेच काढा की कोणत्या निर्णयामुळे एका संस्थेचा पैसा, माणूस किंवा वेळापत्रक दुसरीसाठी बदलले. बऱ्याच भागीदाऱ्यांत ही यादी अर्ध्या पानाचीही होत नाही.

पालकांना मुलाखती घ्यायला किंवा द्यायला बोलावले तर त्यांच्या वेळेचे पैसे द्यावेत, पण आधी एक गोष्ट तपासावी. उत्पन्नावर अवलंबून असलेली मदत त्यांना मिळत असेल, तर हे मानधन उत्पन्नात धरले जाऊन ती मदतच कापली जाऊ शकते.

शेवटची बाब संमतिपत्राची. शुअर स्टार्टचा उशिरा दिसलेला परिणाम सापडला, कारण तिथे शाळा आणि रुग्णालयांच्या देशव्यापी नोंदी उपलब्ध होत्या. जिथे त्या नाहीत किंवा सहज जोडता येत नाहीत, तिथे नाव नोंदवतानाच पालकांकडून पुढच्या शाळा आणि आरोग्य नोंदी जोडण्याची वेगळी, नंतर कधीही मागे घेता येणारी संमती घ्यावी लागते. तो रकाना अर्जात नसेल, तर बारा वर्षांनी त्या कुटुंबांना शोधत कोणी फिरत नाही.

आपले,
कार्यक्रम-मूल्यमापनात काम करणारे काही वाचक